शी म्हणायचं नाही

दुधावरची साय ओठाला लागली की मला अजूनही उमासा येतो. भेंडी चिरताना सुटणारी तार, मोरीच्या जाळीत अडकलेला ओल्या केसांचा पुंजका, कुणाच्या तरी उष्ट्या ताटात आमटी पिऊन फुगलेला पोळीचा तुकडा, या गोष्टी नुसत्या आठवल्या तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते चवीचं नसतं. अशा माणसाने खरं तर बँकेत नोकरी करावी. मी समुद्रातल्या कृमींवर संशोधन करतो.

सिंगापूरमधल्या एका निसर्ग-इतिहास संग्रहालयात मी कामाला आहे. पुढच्या दालनांत शाळेची मुलं तोंडाचा आ करून फिरतात. आम्ही मागच्या बाजूला असतो, जिथे लोकांना प्रवेश नाही आणि एसी असा लावलेला असतो की भर दुपारी स्वेटर घालावा लागतो. तिथे कपाटांमागून कपाटं आहेत आणि त्यांत बरण्या आहेत. प्रत्येक बरणीत अल्कोहोल, आणि अल्कोहोलमध्ये कुणीतरी. जुन्या बरणीचं झाकण सैल झालं की अल्कोहोल उडून जातं, मग आतल्या जीवाचा तळाशी तपकिरी चिखल होतो. ती बरणी उघडायचं काम आलं की मी आदल्या जेवणात हात आखडता घेतो. तो दर्प नाकातून जात नाही, घशात बसतो. संध्याकाळी वरणभातालाही तोच वास येतो.

मग या धंद्यात तू आलासच कसा, असं लोक विचारतात. मरीन परेडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आसपास बरीच मराठी कुटुंबं आहेत, बहुतेक सगळे आयटीतले, त्यांच्याकडे जेवायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या आधीचा प्रश्न असतो, “खातात का हो ते इथे?” मी खोटं हसतो. खरं उत्तर असं की पुण्यात कॉलेजमध्ये असताना मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली एक कृमी पाहिला. मेलेला, धुतलेला, रंग दिलेला. त्याच्या अंगावर काचेसारखे केस होते, काही कंगव्यासारखे, काही टोकाला वाकलेले, आणि प्रत्येक जातीचे वेगळे. मला इतकं नीटनेटकं काही आयुष्यात दिसलं नव्हतं. मी प्रेमात पडलो. तो जिवंत असताना कसा असतो, हे मला कुणी सांगितलं नाही.

जिवंत असताना तो चिखलात असतो. ओहोटीला आम्ही चिखलात उतरतो, फावड्याने चिखल काढतो, चाळणीत घालून समुद्राच्याच पाण्याने धुतो. चिखल निघून जातो आणि चाळणीत जे उरतं ते वळवळायला लागतं. ते बोटांनी वेचायचं. हातमोजे चालत नाहीत, कारण कृमीचं अंग इतकं मऊ असतं की ते रबराला चिकटून तुटतं, आणि अर्धा कृमी आमच्या काहीही कामाचा नसतो. एक जात अशी आहे की पाण्याबाहेर काढली की ती आपला घसा उलटा करून बाहेर फेकते, टोकाला चार काळे दात. हे ती माझ्या तळहातावर करते. आणि शेंबडासारखा एक थर मागे ठेवून जाते, जो धुतल्यावरही गेलाय असं मला कधी वाटत नाही.

यावर मी एक युक्ती काढली आहे. जीभ टाळूला लावायची, श्वास तोंडाने घ्यायचा, आणि नजर प्राण्यावर न ठेवता शेजारच्या चिखलावर ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं, केवढा शांत माणूस! सहकारी मला नवशिक्यांच्या जोडीला देतात, त्यांना धीर यावा म्हणून. आतून मी पिळलेल्या फडक्यासारखा झालेला असतो. इतकी वर्षं कुणाला कळलेलं नाही. बायकोला थोडंफार माहीत आहे, कारण घरी आल्यावर मी किती वेळ हात धुतो ते तिला ऐकू येतं.

मुलीला मात्र कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि इथेच जन्मली. इंग्रजीत बोलते, शाळेतून येताना वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांसारखं ‘लाह’ लावून आणते, मराठी समजते पण उत्तर मराठीत देत नाही. आणि तिला किळस नव्हती. अजिबात नाही. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ ती डोक्यावर केसांसारखं घ्यायची. गोगलगाय हातावर चालवत शाळेत जायची. शनिवारी माझ्याबरोबर संग्रहालयात यायची, उंच स्टुलावर गुडघे टेकून सूक्ष्मदर्शकात डोळा घालायची आणि “बाबा, ही इज सो प्रिटी” म्हणायची. बरणी उघडली की नाक जवळ न्यायची, माझं नाक मागे जात असताना.

किळस माणसाला काय करते, हे मला माहीत आहे. मी आजवर कुणाच्या ताटातला घास घेतलेला नाही. मित्राने पाठीवर घामेजला हात ठेवला की मी चहा आणायला उठतो. मुलगी तान्ही असताना मी तिला श्वास रोखून पुसलं. आणि ती थोडी मोठी झाल्यावर, पडून रडत, नाक वाहत माझ्याकडे धावत आली, की माझा हात आधी टिश्यू शोधायला जायचा, मग तिच्याकडे. हे तिच्यात उतरू नये एवढीच माझी इच्छा होती. माझे डोळे घे, माझं टक्कल घे, पण हे नको. म्हणून आमच्या घरात एक नियम होता: शी म्हणायचं नाही. बायको हसायची, पण पाळायची.

मग पुण्याहून माझी आई राहायला आली.

आईची शी ऐकण्यासारखी असते. ती नाकातून निघते, खालचा ओठ पुढे येतो, मान खांद्यात जाते, आणि शब्द संपला तरी चेहरा काही वेळ तसाच राहतो. मी त्या शीच्या हाताखाली वाढलो. दूध नासलं, शी. मी ओकलो, शी रे बाबा. मोरीची जाळी उचलून बोटाने केस काढताना, शी गं बाई. सगळी दुनिया आईने मला या एका शब्दाने लावून दिली होती आणि मी ती जशीच्या तशी उचलली, असं माझं मत होतं. माझं घोडं जिथे पेंड खातं ती जागा मला ठाऊक होती.

विमानतळावरून घरी येतानाच तिने सुरुवात केली. टॅक्सीच्या सीटला शी. दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जेवायला गेलो, तिथे काचेमागे डुकराची आतडी वाफाळत होती, त्यांना शी. बाजारात जाळीखाली बसलेल्या बेडकांना शी. लिफ्टच्या बटणाला, सार्वजनिक नळाला, सगळ्यांनी एकाच भांड्यातून उकळून खाण्याला, शी, शी, शी. मुलगी तिचं बोट धरून चालत होती आणि वर बघत होती. तिला आजीचा चेहरा फार आवडला. आधी तिने ओठ पुढे काढला. मग मान खांद्यात घातली. आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर टोमॅटोचं साल बाजूला करत तिने नाकातून, अगदी पुणेरी, शुद्ध उच्चारात म्हटलं, “शी!”

बायको खो खो हसली. “निदान एक तरी मराठी शब्द आला घरात!” ती म्हणाली. पुण्याला व्हिडिओ कॉल लागला, तिकडच्या सगळ्यांनी तिला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला आणि टाळ्या वाजवल्या. सात वर्षं मी गोष्टी सांगितल्या, बडबडगीतं म्हटली, बाराखडीचा तक्ता भिंतीला लावला. त्यातलं काही चिकटलं नाही आणि हे चिकटलं. मला त्या टाळ्यांची इतकी शिसारी आली की मी ताट घेऊन उठलो.

पुढे जे व्हायचं तेच झालं. गोगलगाय शी झाली. शेवाळ शी झालं. मी संध्याकाळी दार उघडलं की आई आतूनच ओरडायची, “आधी आंघोळ!” आणि तिच्या मागून एक छोटा आवाज, “आधी आंघोळ, बाबा!” दोघी नाक धरून उभ्या. एका शनिवारी मी पिशवी भरून मुलीला हाक मारली तर ती सोफ्यावरून हलली नाही.

“बाबा, आय डोन्ट वॉन्ट,” ती म्हणाली. “युवर ऑफिस शी लाह.”

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती पोळ्या लाटत होती.

“आई, तिच्यासमोर शी म्हणू नकोस.”

“का रे? घाणीला घाण म्हणायचं नाही?”

“ती घाण नाही. ते माझं काम आहे.”

“असू दे की. मी कुठे नाही म्हणते?” तिने पोळी उलटली. “पण मग जेवायच्या आधी एवढा वेळ हात का खरवडत बसतोस?”

मी पाण्याचा ग्लास भरून बाहेर आलो. डोकं असं भणभणलं होतं की बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

त्याच सुमारास संग्रहालयातल्या लोकांनी आपापल्या कुटुंबांना ओहोटीच्या वेळी किनारा दाखवायचा बेत केला. बेटाच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगच्या बाजूला, पहाटे. मी मुलीला आईस्क्रीमची लाच देऊन तयार केलं. माझा हिशेब सरळ होता: एकदा तिने मला हसत हसत एखादा प्राणी हाताळताना पाहिलं की आजीची शी धुऊन निघेल. बायकोने झोपून राहण्याचा हक्क बजावला. आई मात्र पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधून दारात उभी. “पोरीला चिखलात तुझ्या भरवशावर सोडते होय!”

पाणी दूर गेलं होतं आणि मागे राहिलेला किनारा कुजलेल्या अंड्यासारखा घाणत होता. पाण्यापलीकडे मलेशियातल्या जोहोरचे दिवे अजून चालू होते, अलीकडे जहाजदुरुस्तीच्या यार्डातल्या क्रेन. आई दगडी पायऱ्यांवर थांबली, ओढणी नाकाला लावून. मी आणि मुलगी खाली उतरलो. प्रत्येक पावलाला चिखल बूट ओढून धरत होता आणि सोडताना चोखल्यासारखा आवाज करत होता. मी जीभ टाळूला लावली आणि हसलो.

मुलगी हाताची घडी घालून उभी. मी तिला खेकडा दाखवला. शी. शंखातून बाहेर डोकावणारी गोगलगाय दाखवली. शी. आसपास सहकाऱ्यांची पोरं किंचाळत, हसत, ढोपरापर्यंत चिखलात लडबडली होती आणि माझी मुलगी कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखी कोरडी उभी होती. मी घाईला आलो. एक दगड उलटला, खाली एक काळी समुद्रकाकडी पडली होती, नावाला काकडी, पण प्राणीच. मला हायसं वाटलं. या किनाऱ्यावर जे काही मिळतं त्यात दिसायला ती सर्वांत सुसह्य: भाजलेल्या वांग्यासारखी, काळी, मऊ, कुठे जात नाही, दात नाहीत. मी ओल्या बोटाने तिला स्पर्श केला आणि तोंडभर हसून म्हटलं, “बघ, किती मऊ.”

मुलगी वाकली. एक बोट लावलं. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि तिचा शनिवारचा चेहरा परत आला, तो स्टुलावरचा. मला इतका आनंद झाला की मी सांगायचं विसरलो. उचलायचं नाही, हे मी प्रत्येक नवशिक्याला पहिल्या वाक्यात सांगतो. तिने दोन्ही हातांनी ती उचलली आणि प्रेमाने दाबली.

समुद्रकाकडी घाबरली की मागच्या बाजूने पांढरे धागे सोडते. शिजवलेल्या शेवयांसारखे, आणि चिकट, इतके की शत्रू गुरफटून बसतो. ते धागे मुलीच्या बोटांवर, मनगटावर आले, तिने हात झटकला तर केसांना लागले. ती किंचाळली. “बाबा!”

मला ते काय आहे हे माहीत होतं. त्यांचं शास्त्रीय नाव माहीत होतं, ते शरीरात कुठे असतात ते माहीत होतं, कातडीला फारसा अपाय होत नाही हे माहीत होतं. आणि मी मागे सरलो. एक पाऊल नाही, दोन. जीभ टाळूला लावायची राहून गेली. माझ्या तोंडाचं काय झालं असेल ते मला नाकाच्या शेंड्यापर्यंत जाणवलं. मुलगी माझ्याकडेच बघत होती.

“डोळ्यांना हात लावू नकोस!” मी ओरडलो. लांबून. माझ्याकडून झालेली मदत एवढीच.

माझ्या बाजूने काहीतरी फचाफच गेलं. आई होती. चपला पायऱ्यांवर, सलवार पोटरीपर्यंत वर, ओढणी कमरेला. “शी शी शी शी,” ती म्हणत होती, “शी गं बाई, हे काय गं हे, शी,” आणि म्हणता म्हणता तिने मुलीच्या हातातून ती समुद्रकाकडी उघड्या हाताने काढून घेतली.

“कुठे ठेवू रे हिला?”

“पाण्यात... त्या दगडाखाली.”

“शी,” ती म्हणाली आणि गरम भांडं उतरवून ठेवावं तशी हलकेच ती दगडाखाली ठेवली. मग चिखलातच उकिडवी बसली, मुलीची बोटं हातात घेतली आणि एक एक धागा सोलायला लागली. तिच्या हाताला लागला की चिखलातलीच वाळू घेऊन चोळायची, पुन्हा पुढचा. ओठ पुढे, मान खांद्यात, सगळा चेहरा शीचा. हात मात्र एकदाही मागे आला नाही. मी बघत राहिलो. मोरीची जाळी मला आठवली, आणि माझी ओकारी, आणि तापात मी भिजवलेल्या चादरी. चेहरा मी तेव्हाही पाहिला होता. हातांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मला स्वतःचीच शिसारी आली, चांगली भरपूर, आणि यावर माझ्याकडे कसलीही युक्ती नव्हती.

मुलीचं रडणं थांबलं होतं. ती आजीच्या बोटांकडे बघत होती. “शी,” ती बारीक आवाजात म्हणाली. “शीच आहे,” आजी म्हणाली, “थांब, हलू नकोस.” केसांतला धागा काढताना दोघी आळीपाळीने शी म्हणत होत्या आणि शेवटी मुलगी हसायलाच लागली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, व्हाय यू रन?”

एक सहकारी जवळून जात होता. मी त्याच्याकडे न बघता तिच्यासमोर वाकलो.

“मला शी वाटली,” मी म्हणालो.

“द थ्रेड्स?”

“सगळंच. कृमी, बरण्या, हा चिखल. रोज वाटते.”

“एव्हरी डे?” तिने विचार केला. “देन हाऊ यू डू?”

आईने गुडघ्यावर हात टेकून उठता उठता उत्तर दिलं. “शी शी म्हणत करायचं. नाहीतर कोण करणार?” आणि पांढरे झालेले स्वतःचे हात लांब धरून, शी गं बाई करत, ती पायऱ्यांकडे निघाली.

नळ पायऱ्यांवरच्या बागेच्या दुसऱ्या टोकाला होता. मुलीच्या तळहातावर अजून एक धागा होता, वाळूने मळलेला. तिने हात माझ्यापुढे केला. पुसून दे म्हणून नाही. चिखलातून चालताना ती नेहमी करते तसा, धरायला. मी खिशात टिश्यू चाचपडू लागलो, आणि थांबलो. तो हात धरला. गार, खरखरीत, चिकट. तो चिकटपणा माझ्या बोटांच्या बेचक्यांत शिरला.

“शी!” मी म्हणालो. मोठ्याने, नाकातून, हुबेहूब आईसारखा. माझा चेहरा किती वाकडा झाला हे तिने अगदी जवळून पाहिलं.

तिने हात ओढून बघितला. निघेना.

“स्टक,” ती खूश होऊन म्हणाली. “शी, बाबा.”

“शी,” मी म्हणालो, आणि आम्ही नळाकडे चालायला लागलो.